थ्री लिटल वर्ड्स (1950) : हा सिनेमा बघा म्हटलं की लोक जे जे विचारतात ते सगळं

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चादर लावून हा सिनेमा दाखवला. चौदा जण होतो, त्यातले दोघं इंटरव्हलला सटकले (सिनेमात इंटरव्हल नाहीच, वडापाव आले म्हणून आम्हीच केला). पण उरलेल्या बारा जणांनी नंतर इतके प्रश्न विचारले आणि अजून विचारतायत की व्हॉइस मेसेज पाठवून पाठवून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

नक्की कशावर आहे हा सिनेमा?

बर्ट कॅल्मर आणि हॅरी रूबी नावाची एक गाणी लिहिणारी जोडी होती अमेरिकेत, कॅल्मर शब्द लिहायचा आणि रूबी चाली करायचा, त्या दोघांची ही गोष्ट. नाचासाठी प्रसिद्ध नट फ्रेड ॲस्टेअर झालाय कॅल्मर आणि रेड स्केल्टन झालाय रूबी. एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओचा सिनेमा, दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प, 102 मिनिटांत संपतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. कॅल्मरला जादूगार व्हायचंय आणि रूबीला बेसबॉल खेळाडू. दोघांनाही जे जमतं त्याची फारशी किंमत नाही आणि जे जमत नाही त्याच्यासाठी जीव टाकतात. कॅल्मर नाव बदलून कोनी आयलंडला जादूचे प्रयोग करतो, तिथे विंगेत मदतीला ठेवलेला माणूस सगळ्या ट्रिकांचा पार विचका करतो, आणि तो माणूस म्हणजे रूबी, अशी यांची पहिली भेट. पुढे आयुष्यभर हेच चालू राहतं, एकमेकांच्या हौशीचा पोपट करायचा आणि मग मुकाट पियानोपाशी येऊन बसायचं. मला वाटतं म्हणूनच यांची गाणी अशी हलकी झाली असणार. कुणालाच आपण काही थोर करतोय असं वाटत नव्हतं.

म्हणजे आपले गदिमा आणि बाबूजी का?

हे हॉलमध्ये आत्याने विचारलं आणि मी पटकन हो म्हणून बसले, नंतर घरी येऊन विचार केला तर तसं नाहीये. गीतरामायण घ्या, 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललं, 56 गाणी, तिथे माडगूळकरांचे शब्द आधी यायचे आणि फडके त्यांना चाल लावायचे. या सिनेमाचा सगळा डोलारा बरोबर उलट्या गोष्टीवर उभा आहे, चाल तयार आहे आणि तिला शब्द मिळत नाहीयेत. रूबी एकच सुरावट पहिल्यापासून पियानोवर वाजवत असतो, दर वेळी कॅल्मर तोंड वाकडं करतो, नको म्हणतो, परत ती वाजते, परत नको. आपल्याकडे चालीवर लिहिणाऱ्या कुठल्याही गीतकाराला विचारा, तो सांगेल की काही चाली अशा मानगुटीवर बसतात. तर सिनेमा संपेपर्यंत त्या चालीचं काय होतं ते बघायचं. सिनेमाचं नाव माहीत असल्यावर कळतंच काय होणार, तरी बघताना गंमत येते.

ते तीन शब्द म्हणजे आय लव्ह यू ना?

हो. मराठीत चार होतात, माझं तुझ्यावर प्रेम आहे. आमच्या आईबाबांच्या पिढीत तर जेवलास का एवढ्या दोन शब्दांवरच भागायचं.

तुला हा मिळाला कुठे?

तुकड्यातुकड्यात मिळाला. ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना आठवत असेल, रात्री कार्टून नेटवर्क बंद व्हायचं आणि त्याच चॅनलवर टीएनटी सुरू व्हायचं, त्यावर एमजीएमचे जुने सिनेमे लागायचे. आपण कार्टूनसाठी बसलेलो असायचो आणि एकदम कुणीतरी टोपी घालून नाचायला लागायचं, मग आई म्हणायची बंद कर आता. मी एकदा त्या पाच मिनिटांत एक जोडपं बघितलं होतं, दोघंही पुरुषांच्या काळ्या टेलकोटात आणि उंच टोपीत, आणि त्यातली एक बाई आहे हे कळायला मला वेळ लागला. नाव माहीत नाही, काही नाही. वीसेक वर्षांनी एकदा रात्री झोप येईना म्हणून काहीतरी लावलं तर पहिल्याच गाण्यात तेच दोघं! 1913 सालचं गाणं आहे ते, कॅल्मरचंच पण रूबी भेटायच्या आधीचं, चाल हॅरी पक नावाच्या माणसाची.

आजोबा असते तर म्हणाले असते त्यात काय, आम्ही मेट्रोला बघायचो. धोबी तलावचं मेट्रो एमजीएमनेच बांधलं होतं, 1938 ला उघडलं, आणि आजोबांच्या तोंडून मेट्रोच्या एसीचं कौतुक सिनेमापेक्षा जास्त ऐकलंय मी.

ब्लॅक अँड व्हाइट आहे का? मग नको.

रंगीत आहे. टेक्निकलर, चांगला भडक.

व्हॉडव्हिल काय भानगड आहे? आणि ते लोक दुकानात पियानो वाजवत का बसलेत?

व्हॉडव्हिल म्हणजे आयटमांचा शो. एका तिकिटात नाच, जादू, नकला, कुत्र्यांचे खेळ, गाणं, सगळं, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं आणि मग पुढच्या गावाला. ॲस्टेअर स्वतः 1905 पासून बहीण ॲडेलबरोबर या सर्किटवर नाचत मोठा झालेला, सहा वर्षांचा होता तेव्हा. त्यामुळे सिनेमातल्या विंगेतल्या धावपळीत तो असा वावरतो की वेगळा अभिनय करतोय असं वाटतच नाही.

आणि ते दुकान नाही, म्युझिक पब्लिशरचं ऑफिस आहे. रेडिओ घराघरात यायच्या आधी गाणं हिट झालं म्हणजे त्याचे छापील नोटेशनचे कागद खपले, लोक ते विकत घेऊन घरच्या पियानोवर वाजवायचे. असे पब्लिशर न्यूयॉर्कला 28 व्या रस्त्यावर एकाला एक लागून होते, त्याला टिन पॅन ॲली म्हणायचे. प्रत्येकाकडे पगारी पियानोवाले असायचे, त्यांचं काम दिवसभर येईल त्या नटाला गाणं वाजवून दाखवायचं आणि गळ्यात मारायचं. साडीच्या दुकानात गादीवर बसलेले लोक असतात ना, शंभर साड्या उलगडतात आणि खांद्यावर टाकून दाखवतात, तसं. रूबी असाच पियानोवाला होता. आणि कॅल्मर नाचणारा, त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि नाच सुटला म्हणून तो गाण्यांकडे वळला, हे सिनेमातही आहे आणि खऱ्या आयुष्यातही झालं होतं.

दाखवलंय ते खरं किती मग?

निम्मं धरा. माणसं खरी, गाणी खरी, जादूचं आणि बेसबॉलचं वेड खरं. पण हिशोब फार सोपा करून ठेवलाय. माय सनी टेनेसी हे त्यांचं सुरुवातीचं हिट गाणं सिनेमात दोघांनीच केल्यासारखं येतं, खरं म्हणजे त्यात हर्मन रूबी नावाचा तिसरा माणूसही होता. हूज सॉरी नाऊ तर (1923) चाल टेड स्नायडरची आहे, कॅल्मर आणि रूबी दोघं त्यात शब्दांच्या बाजूला. म्हणजे एकाने शब्द आणि दुसऱ्याने चाल ही वाटणी पोस्टरवर जितकी स्वच्छ दिसते तितकी नव्हती. धंद्यात कधीच नसते.

सगळ्यात मोठी थाप म्हणजे भांडण. सिनेमात कॅल्मर एक गंभीर नाटक लिहितो, ते नाटक भयंकर असतं, रूबी गुपचूप पैसे लावणाऱ्या माणसाला मागे फिरवतो, पुढे ते कॅल्मरला कळतं आणि दोघं तुटतात. मग बायका मिळून परत जुळवायला बघतात. खरी जोडी मात्र 1947 मध्ये कॅल्मर गेला तोपर्यंत टिकली.

पण मला ते भांडण थाप असूनही पटतं. रूबी खोटं बोलतो ते मित्राचं हसं होऊ नये म्हणून, आणि कॅल्मरला राग येतो तो नाटक पडल्याचा नाही, याने परस्पर ठरवलं याचा. त्याआधी कॅल्मरच्या बाजूनेही असाच परस्पर कारभार झालेला असतो, रूबी एका चुकीच्या बाईच्या मागे लागलेला म्हणून त्याला वॉशिंग्टन सेनेटर्स टीमच्या सरावाला पाठवून देतात. त्याला वाटतं आपला खेळ बघून बोलावलंय, बिचारा. म्हणजे फिटंफाट झालेली असते, पण भांडताना कुणाला आठवतंय. भागीदारीत ज्यांनी कधी दुकान चालवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या काकांचं आणि त्यांच्या भागीदाराचं शटर कुठल्या रंगाचं यावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं, आणि गल्ला एकच.

ती बूप-बूप करणारी मुलगी डेबी रेनॉल्ड्स का?

तीच, तेव्हा 18 वर्षांची. सिंगिंग इन द रेन दोन वर्षांनी आला. इथे ती हेलन केन झालीय, 1928 मध्ये ब्रॉडवेवर आय वॉना बी लव्ह्ड बाय यू म्हणून गाजलेली गायिका. कॅल्मर आणि रूबी पियानोवर गाणं बसवत असतात, येणारी-जाणारी एक मुलगी थांबते आणि मध्येच बूप-बूप-अ-डूप टाकून देते. मग स्टेजवर तेच गाणं, समोर कार्लटन कार्पेंटर, सव्वासहा फूट उंच काटकुळा पोरगा, आणि ही त्याच्या छातीला लागतेय एवढीशी. तो जवळजवळ काहीच करत नाही, नुसता उभा आणि चेहरा, त्यावरच आमच्या हॉलमधली पोरं खुदखुदली.

आवाज मात्र डेबीचा नाही, तो खुद्द हेलन केनचा. आणि या बाईची गोष्ट वेगळीच आहे. 1930 च्या सुमाराला बेटी बूप हे कार्टून आलं, तोच लाडिक आवाज, तेच बूप, तसेच कुरळे केस. हिने 1932 मध्ये अडीच लाख डॉलरचा दावा लावला की हे माझ्यावरून उचललंय. समोरच्यांनी दाखवून दिलं की असं गाणं तिच्याआधी बेबी एस्थर नावाची एक काळी कलाकार गात होती, आणि 1934 ला हेलन हरली. मग 1950 मध्ये तिला बोलावून परत तेच बूप म्हणायला लावलं, पडद्यावर चेहरा दुसरीचा. मला ते गाणं आता नुसतं गोड म्हणून ऐकताच येत नाही.

हिरॉइन छान नाचते, गातेही तीच का?

व्हेरा-एलन. नाच तिचा, गाणं अनिता एलिसचं. हीच अनिता एलिस गिल्डा या सिनेमात रिटा हेवर्थ या नटीसाठी गायली होती. लता-आशा ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना यात काही वावगं वाटत नाही, पण हॉलीवूडमध्ये हे झाकून ठेवायचे.

मला फक्त नाच बघायचेत, फॉरवर्ड करून कुठे थांबू?

पहिलं टेलकोटवालं गाणं आहेच. पण थांबायचं ते मिस्टर अँड मिसेस हूफर ॲट होम ला. हूफर म्हणजे नाचणारा, रोजंदारीवरचा नाचणारा म्हणा. नवरा-बायको दोघं नाचणारे असतील तर घरी कसे वागतील, एवढीच कल्पना, गाण्याला शब्द नाहीत. नवरा कामावरून घरी येतो आणि मग रोजची घरातली कामं, उठणं बसणं, सगळं नाचात. नीट बघितलंत तर कळेल की विनोद करायला दोघं एकदाही चेहरा वेडावाकडा करत नाहीत, सगळं पायांत आहे. मी हे चार वेळा मागे नेऊन बघितलं आणि तरी एका ठिकाणी ॲस्टेअर उभ्याचा बसला कधी ते मला सापडलेलं नाही.

ॲस्टेअर तेव्हा 51 चा. व्हेरा-एलन त्याच्याहून 22 वर्षांनी लहान. कोरिओग्राफर हर्मिस पॅन, ॲस्टेअरचा तीसच्या दशकापासूनचा सोबती, म्हणजे कॅमेऱ्यामागेही एक जुनी जोडी होतीच.

त्यानंतर थिंकिंग ऑफ यू, ते सावकाश आहे, चहा घेऊन बसा.

रेड स्केल्टन कोण? मी ऐकलं नाही.

रेडिओवरचा आणि पुढे टीव्हीवरचा मोठा कॉमेडियन, पडापडी आणि तोंडं करण्यासाठी प्रसिद्ध. इथे त्याला कुणीतरी आवरून धरलंय आणि तो इतका चांगला झालाय की वाईट वाटतं, याला असे रोल आणखी द्यायला हवे होते. पियानोवर बसून ती नको असलेली चाल वाजवताना तो कॅल्मरकडे बघतही नाही, कारण नकार काय येणार हे त्याला माहीत असतं. मला या सिनेमात ॲस्टेअरपेक्षा तो आवडतो, मारा मला.

मार्क्स ब्रदर्सचा काय संबंध?

मार्क्स ब्रदर्स म्हणजे विनोदी नाटकं-सिनेमे करणारे भाऊ, ग्राउचो त्यातला एक. संबंध बराच, आणि सिनेमात ते नावालाच आहे. कॅल्मर-रूबीने ॲनिमल क्रॅकर्सची गाणी केली, आधी 1928 चं नाटक मग 1930 चा सिनेमा. हॉर्स फेदर्स (1932) आणि डक सूप (1933) च्या तर पटकथेतही हे दोघं होते. हूरे फॉर कॅप्टन स्पॉल्डिंग हे ग्राउचोचं एन्ट्रीचं गाणं पुढे त्याच्या क्विझ शोचं शीर्षकगीत झालं. सिनेमात ते ॲस्टेअर आणि स्केल्टन म्हणतात आणि मार्क्स बंधू कुठेच नाहीत. डक सूप बघितलेल्या माणसाला वाटणार की अरे हे सोडून तुम्ही लग्नं काय जुळवताय. मलाही वाटलं.

टायटल गाणं खरंच एवढी वर्षं अडकलं होतं?

नाही हो. 1930 मध्ये चेक अँड डबल चेक नावाच्या सिनेमासाठी आलं. ती गोष्ट मात्र खऱ्या गोष्टीसारखी गुंतागुंतीची आहे. त्या सिनेमात पडद्यावर ड्यूक एलिंग्टन या काळ्या जॅझ संगीतकाराचा बँड आहे. बँडच्या ड्रमरला गायचं होतं पण कॅमेऱ्यासमोर त्याचं धाडस होईना, म्हणून आवाज रिदम बॉईज नावाच्या गायकांचा घेतला, त्यातला एक बिंग क्रॉस्बी, आणि पडद्यावर एलिंग्टनच्या ट्रम्पेटवाल्यांनी नुसते ओठ हलवले. बँडमधले हुआन टिझॉल आणि बार्नी बिगार्ड रंगाने उजळ होते, काळ्या-गोऱ्यांचा मिश्र बँड दिसेल म्हणून त्यांच्या तोंडाला काळा मेकअप लावला. आणि सिनेमाचे हिरो म्हणजे दोन गोरे नट, चेहऱ्याला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करणारे. 1950 च्या रंगीत, गोड सिनेमात यातलं अवाक्षर नाही. दोन मित्र, एक पियानो, एवढंच.

एवढा चांगला आहे तर कुणाला माहीत कसा नाही?

मधल्या बाकावरचं पोर आहे ते. आधी 1948 चा ईस्टर परेड, नंतर 1952 चा सिंगिंग इन द रेन आणि 1953 चा द बँड वॅगन, हे सगळे एमजीएममधल्या आर्थर फ्रीडच्या युनिटचे, ज्याच्यावर नंतर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली. हा जॅक कमिंग्जने काढलेला. मोठे सेट नाहीत, शेवटी पंधरा मिनिटांचा बॅले नाही. त्याच्या त्याच्या काळात मात्र चालला. म्युझिकल आणि कॉमेडीसाठी वेगळा गोल्डन ग्लोब द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिला अभिनेत्याचा ॲस्टेअरला मिळाला तो याच सिनेमासाठी. आणि संगीतासाठी आंद्रे प्रेव्हिनला ऑस्करचं नॉमिनेशन, वय वीस-एकवीस! मिळालं नाही, ॲनी गेट युअर गनला गेलं.

पोरांना दाखवू का?

दाखवा. सो लाँग ऊ-लाँग हे 1920 चं गाणं लागेल, जपानी नावांची टिंगल आहे, आज कानाला खटकतं, तिथे दोन वाक्यं बोला आणि पुढे चला. बायका इथे फक्त नवऱ्यांची भांडणं मिटवायला आहेत हेही पोरी विचारतील, माझ्या भाचीने विचारलं. तिला म्हटलं हूफरवालं गाणं परत बघ.

यातलं काही मी आधी ऐकलंय का?

नक्की. आय वॉना बी लव्ह्ड बाय यू मेरिलिन मन्रोने सम लाइक इट हॉट मध्ये (1959) म्हटलंय. हूज सॉरी नाऊ कॉनी फ्रान्सिसचं 1958 चं. लुई आर्मस्ट्राँगचं अ किस टू बिल्ड अ ड्रीम ऑन ऐकलं असेल, तेही यांचंच, ऑस्कर हॅमरस्टाइनबरोबरचं, पण ते या सिनेमात नाही.

कुठे बघू?

एमजीएमचे त्या काळचे सिनेमे आता वॉर्नरकडे आहेत, डीव्हीडी निघालेली आहे, भाड्याने मिळतो का ते शोधा. इंग्रजी सबटायटल लावा, स्केल्टन पुटपुटतो.

खरे कॅल्मर आणि रूबी कुठे दिसतात का?

कॅल्मर नाही, तो सिनेमा यायच्या तीन वर्षं आधी गेला. रूबी दिसतो. बेसबॉलच्या मैदानावर एक खेळाडू म्हणून, नाव न देता, काही सेकंद. 55 वर्षांचा होता तेव्हा. मी पहिल्या दोन वेळेला वडापावच्या नादात चुकवला, तुम्ही त्या वेळी चटणी मागू नका.